निरांजन की निरंजन?

प्रश्न : घरी पूजेच्या साहित्याची यादी करताना आम्ही नेहमी ‘निरंजन’ असे लिहितो; काही ठिकाणी मात्र ‘निरांजन’ असे छापलेले आढळते. योग्य शब्द कोणता? तसेच समईला निरांजन म्हटलेले चालेल का?

उत्तर : दिव्यासाठी ‘निरांजन’ हाच शब्द योग्य आहे. ‘निरंजन’ हा निराळा शब्द असून निः आणि अंजन यांपासून तो झाला आहे. ज्याला काजळाचा, म्हणजे कसलाही डाग नाही, असा निर्मळ परमात्मा, हा त्याचा अर्थ. नाथपंथीयांच्या ‘अलख निरंजन’ या घोषात तोच आहे. ‘निरांजना’चे मूळ संस्कृतातील ‘नीराजन’ या शब्दात आहे. निः आणि राज् (प्रकाशणे) यांच्या संधीत, ‘नीरस’, ‘नीरोग’ या शब्दांप्रमाणेच, विसर्ग जाऊन आधीचा इकार दीर्घ होतो. विशेष म्हणजे हे मुळात दिव्याचे नाव नव्हते, तर विधीचे होते. राजाचे घोडे, हत्ती आणि शस्त्रे यांना ओवाळून त्यांची शांती करण्याला नीराजन म्हणत, आणि घोड्यांचे नीराजन आश्विनातील नवव्या दिवशी करावे, असे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सांगितले आहे. (आपल्या खंडेनवमीची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.) पुढे ओवाळण्याच्या क्रियेचे नाव मराठीत ओवाळण्याच्या साधनाला मिळाले. मधला अनुस्वार बहुधा ‘निरंजन’च्या प्रभावाने आला असावा, असे मला वाटते, परंतु तो आता इतका रूढ आहे की त्याला अशुद्ध म्हणणे अन्यायाचे होईल.

मूळ अर्थ ध्यानात घेतला की दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. निरांजन हातात किंवा तबकात घेऊन ओवाळायचे असते, म्हणून ते लहान असते आणि त्यात साधारणपणे तूप व फुलवात घालतात. समई देवापुढे एका जागी तेवत राहते, तिच्यात तेल आणि लांब वाती असतात. समईने कोणी औक्षण करीत नाही. तेव्हा समईला निरांजन म्हणू नये. पाच वातींचे ओवाळण्याचे साधन असेल, तर त्याला ‘पंचारती’ हा स्वतंत्र शब्द आहे.

‘निरांजन’ नपुंसकलिंगी आहे : ते निरांजन, ती निरांजने. यादीत तसेच लिहावे, आणि ‘निरंजन’ हे रूप परमात्म्यासाठी व मुलाच्या नावासाठी राखावे.