काकडी कसली, ही तर आडवी पडलेली भेंडी

या महिन्यात टपालातून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच प्राण्याबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. (शिंपल्यातल्या खेकड्याबद्दल विचारणाऱ्या वेंगुर्ल्याच्या काकी, जरा दम धरा, तुमचं उत्तर लिहून तयार आहे.)

प्रश्न : अवसेच्या सुकतीला (ओहोटीला) मुलाला घेऊन खडपावर कालवं काढायला गेलेलो. एका दगडाखालून काळं, हातभर लांब, पडवळासारखं काहीतरी बाहेर आलेलं. मुलाने ओढून उचललं तर त्याने मागच्या बाजूने पांढरे दोरे सोडले, बोटांना असे चिकटले की घरी येऊन खोबरेल तेल चोळून चोळून काढावे लागले. आमची आई म्हणते सापाचीच जात, "हात लावू नुको रे मेल्या". नक्की काय होतं ते? (देवगडहून एक वाचक)

दादा, साप नाही, किडा नाही आणि वनस्पती तर नाहीच नाही. ती समुद्रकाकडी, तारामाशाच्या नात्यातला प्राणी. पण "हात लावू नुको" हा आईचा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर, ते पुढे सांगतो.

वर्णनावरून बहुधा होलोथुरिया ल्यूकोस्पायलोटा. ही मागचं टोक दगडाखाली घट्ट अडकवून ठेवते आणि पुढचा भाग लांब ताणून आजूबाजूची वाळू चाटत बसते. हिच्यासारखीच काळी दुसरी एक आहे, होलोथुरिया आत्रा, पण तिच्या अंगावर वाळूचा थर बसलेला असतो, चोळलं तर लालसर रंग सुटतो, आणि मुख्य म्हणजे तिच्याकडे हे दोरे नसतातच, म्हणून ती बाद. तरी "बहुधा" म्हणतोय कारण नुसत्या रंगरूपावरून यांची जात पक्की करता येत नाही. त्यासाठी कातडीचा बारीकसा तुकडा ब्लीचमध्ये टाकतात, मांस विरघळतं आणि तळाला चुन्याचे सूक्ष्म कण उरतात, ते मायक्रोस्कोपखाली बघायचे. कुणाचे शर्टाच्या बटणासारखे, कुणाचे चिमुकल्या टेबलासारखे, आणि काही जातींचे तर हुबेहूब होडीच्या नांगरासारखे! या नांगरवाल्यांना पाय नसतात, हातावर घेतलं तर नांगर कातडीत अडकतात आणि वेलक्रोसारख्या चिकटून बसतात.

तुमच्या मुलाला चिकटले ते दोरे म्हणजे क्यूव्हिएच्या नळ्या, क्यूव्हिए हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ, त्याच्या नावावरून. शरीरात मागच्या बाजूला गुच्छ असतो, खेकडा किंवा मासा त्रास द्यायला लागला की तिकडे पाठ करून सोडायच्या, पाण्यात त्या कितीतरी पट ताणल्या जातात आणि ज्याला टेकतील त्याला गुंडाळतात. गेलेल्या नळ्या काही आठवड्यांत परत उगवतात. यांच्या अंगात होलोथुरिन नावाचं विष असतं, माशांना ते चांगलंच बाधतं, आपल्या हाताला सहसा फार काही होत नाही पण तोच हात डोळ्याला लागला तर डोळा जाम चुरचुरतो आणि इजाही होऊ शकते. तेव्हा आधी हात धुवायचे, मग काय ते तेल.

आता हात का लावू नये, तर माझंच उदाहरण देतो. कॉलेजात असताना आम्ही एक समुद्रकाकडी बादलीत घालून आणलेली, बादली उन्हात ठेवली आणि चहाला गेलो. पंधरा-वीस मिनिटांनी येऊन बघतो तर पाणी कोमट झालेलं आणि त्यात पिवळट शेवयांसारखं काहीतरी तरंगतंय. बाईसाहेबांनी पोटातलं आतडं-बितडं सगळं बाहेर टाकलेलं! मला वाटलं मेली, सरांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. पण ती जिवंत होती, संकटात आतडी सोडून देणं ही या मंडळींची खरीखुरी युक्ती आहे आणि पुढे ती नवीन तयार होतात. फक्त तोपर्यंत बिचारीला धड खाता येत नाही. बोटात धरून बघितलं तेव्हा अजून एक गंमत कळली, आधी ती लाकडासारखी ताठ, मग बघता बघता उकडीच्या गोळ्यासारखी मऊ, बोटांतून ओघळायला लागली. हे स्नायूंचं काम नाही, कातडीतलं कोलॅजन (कातडीला धरून ठेवणारे धागे) ती स्वतः घट्ट किंवा सैल करू शकते, म्हणून तर एवढीशा फटीत शिरते आणि आत जाऊन कडक होऊन बसते. मग ओढा किती ओढायचं ते.

प्रश्न : मी दहावीत आहे. पुस्तकात समुद्रकाकडी तारामाशाबरोबर कंटकचर्मी संघात दिलीय आणि सममिती पंचअरीय. पण ती तर लांबट आहे, हात पण नाहीत. पंचअरीय कशी? (रत्नागिरीची एक विद्यार्थिनी)

शाब्बास, पाठ करण्याआधी प्रश्न पडला हे महत्त्वाचं. पंचअरीय म्हणजे मध्याभोवती पाच सारखे भाग. घरात भेंडी असेल तर एक आडवी काप आणि चकती बघ, कोवळ्या भेंडीला बहुतेक वेळा पाच कोन दिसतील. समुद्रकाकडी आडवी कापली (कापू नकोस गं, कल्पना कर) तर तशीच, पाच पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर नळीसारख्या पायांच्या रांगा. तारामासा तोंड खाली करून जमिनीवर पसरतो, तोंड ते पाठ हे अंतर अगदी थोडं. समुद्रकाकडीत तेच अंतर ताणून लांब केलंय आणि मग ती कुशीवर पडलीय. त्यामुळे तोंड एका टोकाला, गुदद्वार दुसऱ्या टोकाला, आणि पाचपैकी तीन पट्टे जमिनीकडे, दोन वर. जमिनीकडच्या पायांना चोषक असतात, वरचे बऱ्याच जातींत नुसते फोड होऊन राहतात. खरं तर नाव समुद्रभेंडी हवं होतं, पण माझं कोण ऐकतंय.

आणि ते काटे कुठे गेले? चुन्याचं कवच हवं ना कंटकचर्मीला, म्हणजे काटेरी कातडीवाल्याला. तर मघाशी देवगडच्या दादांना सांगितलेली बटणं-टेबलं-नांगर तेच ते, कवच फुटून कातडीत विखुरल्यासारखं. डोकं शोधू नकोस, मेंदू नाही, घशाभोवती मज्जातंतूंचं एक कडं तेवढं असतं. अळी मात्र आपल्यासारखी डावी-उजवी बाजू सारखी असलेली असते, कानासारखा आकार म्हणून तिला ऑरिक्युलारिया म्हणतात, ती पाण्यात तरंगत वाढते आणि तळाशी बसायच्या आधी तिचं पाचाचं गणित सुरू होतं.

सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने या सगळ्यांना सरळ 'कृमी' या गठ्ठ्यात टाकलेलं. आज जिवंत कंटकचर्मींचे पाच वर्ग मानतात: तारामासे, ब्रिटल स्टार, समुद्री अर्चिन, सी लिली आणि आपल्या समुद्रकाकड्या, म्हणजे होलोथुरॉइडिया. यांच्या १,७०० च्या वर जाती आहेत आणि जवळचं नातं अर्चिनशी, तारामाशाशी नव्हे. परीक्षेत एवढं लिहायची गरज नाही, पण कंटकचर्मी हे किडे-गोगलगायींपेक्षा आपल्याला जवळचे आहेत हे लक्षात ठेव. गर्भ वाढताना त्यांच्यात जे पहिलं भोक पडतं त्याचं गुदद्वार होतं, तोंड नंतर. आपलंही तसंच. वर्गात सांगितलंस की सगळे हसतील, हसू देत.

प्रश्न : नातू मोबाईलवर बघून सांगतो की हा प्राणी मागच्या वाटेने श्वास घेतो. खरं की चेष्टा? (गुहागरहून एक आजी)

खरं आहे आजी, नातवाला ओरडू नका. पोटात दोन बाजूंना झाडाच्या फांद्यांसारख्या नळ्या असतात, त्यांना श्वसनवृक्ष म्हणतात. मागचं द्वार उघडायचं, पाणी आत ओढायचं, फांद्यांत खेळवायचं आणि परत सोडायचं, शांत पाण्यात नीट बघितलं तर ते उघडमीट होताना दिसतं. सगळ्यांना नसतात हे वृक्ष, त्या नांगरवाल्या कातडीनेच भागवतात.

आणि नातवाला हे विचारा की भाडेकरू माहितीय का? पर्लफिश नावाचा बारीक लांबोडका मासा असतो, तो समुद्रकाकडीने श्वास घ्यायला दार उघडलं की शेपटी आधी घालून मागे मागे सरकत आत शिरतो. दिवसभर आत, रात्री बाहेर चरायला. काही जाती नुसत्या राहतात, काही आतलंच खातात. काही समुद्रकाकड्यांच्या गुदद्वाराभोवती चुन्याचे दात असतात, या पर्लफिशला अडवायलाच असावेत असं काही जण म्हणतात.

प्रश्न : आमच्या जाळ्यात चिखलाबरोबर कधीकधी रताळ्यासारखे गुळगुळीत गोळे येतात, एका बाजूला शेपटी. ही पण तीच का? आणि दर्यात यांचा उपयोग काय? (हर्णैहून एक मच्छीमार)

हो भाऊ, शेपटी असेल तर मोल्पाडिडा गणातली असण्याची शक्यता जास्त. या चिखलात डोकं खाली करून उभ्या गाडून घेतात आणि शेपटीचं टोक तेवढं वर, श्वासासाठी. म्हणजे परत मागची वाट, आजींना कळवतो.

उपयोग म्हणाल तर शेतात गांडूळ तशी दर्यात ही. तोंडाभोवतीच्या पोछ्यासारख्या बोटांनी वाळू-चिखल गिळायचा, त्यातलं कुजकं-मुजकं, जिवाणू, शेवाळ पचवायचं आणि उरलेली वाळू शेवेच्या चकलीसारखी मागे सोडायची, दिवसरात्र तेच. त्यामुळे तळ खालीवर होतो आणि अंगातून बाहेर टाकलेला अमोनिया शेवाळाला खत म्हणून मिळतो. सगळ्याच वाळू खात नाहीत, काही फांद्यांसारखी बोटं पाण्यात पसरून वाहतं प्लवक पकडतात आणि मग एकेक बोट तोंडात घालून चाटून काढतात, अगदी आपण वरणभात संपल्यावर चाटतो तसं. एक संपलं की दुसरं. आणि चार-पाच हजार मीटर खोल गेलात, जिथे तुमचं जाळं सोडा उजेडही पोचत नाही, तिथे तळावरच्या मोठ्या प्राण्यांत पुष्कळ ठिकाणी यांचंच राज्य. तिथली एक तर फुगीर पायांवर चालते, सी पिग म्हणतात तिला.

प्रश्न : माझी पर्यटकांची होडी आहे. एक गिऱ्हाईक म्हणालं, चीनमध्ये याला लाखांत भाव आहे, काढून सुकवून द्या, मी घेतो. करायचं का? (मालवणहून)

नाही. अजिबात नाही. भाव आहे हे खरं, चीनमध्ये हाय-शेन म्हणजे समुद्राचं जिनसेंग (जिनसेंग ही तिकडची औषधी मुळी) म्हणतात, उकडून सुकवलेला माल हाँगकाँगच्या बाजारात विकला जातो. पण तमिळनाडूत मन्नारच्या आखातात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत याच हावेपायी इतका उपसा झाला की १९८२ मध्ये आठ सेंटिमीटरपेक्षा लहान मालाची निर्यात बंद केली आणि २००१ मध्ये सगळ्याच समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये घातल्या, वाघाच्या पंगतीत. पकडणं, सुकवणं, विकणं, सगळं गुन्हा. लक्षद्वीपजवळ २०२० मध्ये खास यांच्यासाठी राखीव क्षेत्र केलंय. आणि तुम्ही तर मालवणात, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. गिऱ्हाईक मुंबईला निघून जाईल, होडीचा नंबर तुमचा आहे.

तमिळनाडूतले मच्छीमार म्हणतात की आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा सरसकट बंद केलात, पैदास करून सोडा की. त्यात तथ्य आहे असं मला वाटतं, कारण केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९८८ मध्येच तुतिकोरीनला होलोथुरिया स्काब्रा या समुद्रकाकडीची पिल्लं तयार करून दाखवलेली. पण तो वाद सरकारदरबारी घालायचा, होडीत नाही.

प्रश्न : मी तिला परत दगडाजवळ ठेवली. पण तोंड कुठलं ते कळलं नाही. उलटी ठेवली असेल तर? (देवगडच्या दादांचा मुलगा, इयत्ता चौथी, वेगळ्या कागदावर)

अरे वा, ठेवलीस परत! काळजी करू नको. दगडाच्या बाहेर आलेलं टोक म्हणजे तोंड आणि दोरे सोडले ते टोक म्हणजे मागचं. उलटी पडली तरी पोटाकडचे पाय जमिनीला टेकवत अंगाला पीळ देत ती हळूहळू सुलटी होते, काही मिनिटं लागतात तिला, घाई नसते. पुढच्या पुनवेच्या सुकतीला पप्पांबरोबर त्याच दगडापाशी जा आणि उचलू नको, नुसता उकिडवा बसून बघ. फटीतून काळं टोक बाहेर आलं आणि वाळू चाटायला लागलं, तर समज ती तिथेच आहे.