रापणीच्या नोंदी यादीत दिसतात, पण अ‍ॅप बंद केलं की जातात. काय करावं?

तुम्ही मालवणात रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, मासळीची नोंद ठेवायला अँड्रॉइड अ‍ॅप बनवताय. एडिटटेक्स्टमध्ये, म्हणजे मजकुराच्या चौकटीत, लिहून 'जतन करा' दाबलं की ओळ यादीत येते, पण फोन आडवा केला किंवा अ‍ॅप बंद करून उघडलं की यादी रिकामी, असा तुमचा प्रश्न.

कारण ती ओळ जतन होतच नाही. ती अ‍ॅक्टिव्हिटीतल्या (म्हणजे अ‍ॅपच्या त्या पडद्यातल्या) अ‍ॅरेलिस्टमध्ये, मेमरीतल्या यादीत, जाते, आणि फोन आडवा झाला की अँड्रॉइड ती अ‍ॅक्टिव्हिटी मोडून नवी उभी करतं. पडद्याचा डेटा वेगळा सांभाळणारं व्ह्यूमॉडेल घेतलंत तर आडवं-उभं निभावेल, पण मेमरी कमी पडून सिस्टिमने अ‍ॅप बंद केलं की पुन्हा कोरी पाटी.

शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे छोट्या सेटिंग्जच्या साठ्यात, स्ट्रिंगसेट (ओळींचा संच) ठेवा, असं कोणीतरी सांगेलच. ते करू नका. सेटमध्ये क्रम टिकत नाही आणि सारख्या मजकुराच्या दोन ओळी एकच होतात. सकाळच्या रापणीला 'बांगडा, २ टोपल्या' लिहिलं आणि संध्याकाळी पुन्हा नेमकं तेच मिळालं, तर दुसरी नोंद गडप. रापणीत मासळीचे वाटे पडतात, त्यामुळे हा घोळ थेट माणसांच्या पैशावर येतो.

रूम ही अँड्रॉइडची डेटाबेस लायब्ररी वापरा. खाली एसक्यूलाइट हा फोनमधला डेटाबेसच असतो, म्हणजे सगळं फोनमध्येच राहतं, किनाऱ्यावर रेंज नसली तरी अडत नाही. एका एंटिटीत (म्हणजे टेबलात) आपोआप वाढणारा आयडी, मासळीचं नाव, वजन आणि वेळ ठेवा. डीएओमध्ये, म्हणजे टेबलाशी बोलणाऱ्या इंटरफेसमध्ये, दोनच फंक्शनं पुरतात: नोंद घालणारं सस्पेंड फंक्शन (पडदा न अडवता थांबू शकणारं) आणि सगळ्या नोंदी फ्लो म्हणून, म्हणजे बदलत्या डेटाचा प्रवाह म्हणून, देणारं दुसरं. आता महत्त्वाचं. बटण दाबल्यावर यादीला हात लावायचाच नाही, फक्त डेटाबेसमध्ये नोंद घालायची. टेबल बदललं की फ्लोमधून नवी यादी आपोआप येते, ती पडद्यावरची यादी भरणाऱ्या लिस्टअ‍ॅडॅप्टरच्या सबमिटलिस्टला द्या. पडद्यावर जे दिसतं ते साठवलेलंच असतं, हा भरवसा याच रचनेतून मिळतो. जुन्या-नव्या यादीतला फरक काढणाऱ्या डिफयूटिलमध्ये 'वस्तू तीच का' हे आयडीवरून ठरवा, मजकुरावरून नाही, नाहीतर ते दोन बांगडे तिथे पुन्हा गोंधळ घालतील.

पडदा सांभाळणाऱ्या मेन थ्रेडवर क्वेरी चालवलीत तर रूम अ‍ॅप पाडतं. त्यावर मेन थ्रेडला परवानगी देणारी सोय लावून वेळ मारून नेऊ नका, कोरूटीन (मागे काम चालवायची कॉटलिनची सोय) वापरा.

एक गोष्ट मात्र मराठीत लिहिणाऱ्यांनाच नडते. वजनाच्या चौकटीत साधा मजकूर चालत असेल, तर मराठी कीबोर्डवाला माणूस '१२.५' असंच टाइप करणार. कॉटलिनमध्ये '१२' ला टूइंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन) लावलं तर बिनतक्रार १२ मिळतात, कारण पूर्णांक वाचताना देवनागरी अंक चालतात. पण '१२.५' ला टूडबल (दशांश संख्या करणारं) लावलं की नंबर फॉरमॅट एक्सेप्शन येऊन अ‍ॅप बंद! पूर्ण किलोंवर चाचणी केली तर हे कळतही नाही. म्हणून मजकूर आधी ट्रिम करा, मग एकेक अक्षर पाहा, ते अंक असेल तर कॅरेक्टर डॉट डिजिटने त्याची किंमत काढून साधा इंग्रजी अंक बसवा, आणि मग टूडबलऑरनल लावा, जे संख्या न जमल्यास नल (रिकामी किंमत) देतं. नल आलं तर नोंद घालू नका, चौकटीखाली 'वजन पुन्हा लिहा' दाखवा आणि लिहिलेलं तसंच राहू द्या. लिलाव चालू असताना ओल्या हाताने सगळं परत लिहायला लावणं बरं नाही.

पुढे कधीतरी 'भाव' हा रकाना लागेलच. तेव्हा डेटाबेसची आवृत्ती १ वरून २ करा आणि मायग्रेशन, म्हणजे जुनं टेबल नव्या रूपात नेणारा कोड, लिहा, रकाना वाढवायला अल्टर टेबलची एक ओळ पुरते. त्याऐवजी फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन लावलंत तर मायग्रेशन नसल्याची एरर जाईल, पण त्याबरोबर हंगामभराच्या नोंदीही पुसल्या जातील.