खाटा किती आणि माणसं किती? माजी सैनिकांच्या देखभाल केंद्राविषयी वाचकांचे प्रश्न

अंथरुणाला खिळलेल्या किंवा मागे कुणी नसलेल्या माजी सैनिकांना कायमचं राहता येईल अशी केंद्रं कशी उभी करायची, त्यासाठी सरकारी पैसा कुठून येतो, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या माजी सैनिक संघटनेला मुळशीकडची एक एकर जमीन एक सभासद बक्षीस द्यायला तयार आहेत. तिथे २४ खाटांचं देखभाल केंद्र बांधायचं आहे. सरकार किती टक्के अनुदान देतं? अर्ज कुठे करायचा? (विश्रांतवाडी)

आधी जमिनीचं बघू, कारण बहुतेक प्रकल्प तिथेच अडकतात. सातबारा शेतीचा असेल तर नुसतं बक्षीसपत्र नोंदवून काम भागत नाही. कूळकायद्याचं कलम ६३ शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या नावावर जाऊ देत नाही. विक्री असो, बक्षीस असो, नियम तोच, आणि ट्रस्ट काही शेतकरी नसतो. म्हणजे एकतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्या, नाहीतर त्या सभासदांनीच स्वतःच्या नावावर जमीन अकृषिक करून घ्यावी आणि मग बक्षीसपत्र करावं. दुसरी वाट सहसा सोपी पडते. त्याच वेळी संघटनेचे कागद तपासा : धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची १२एबी (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत), कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे समाजकार्यासाठीच्या पैशासाठी सीएसआर-१ नोंदणी. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला सीएसआरचं काम करून घेता येत नाही.

आता टक्क्यांकडे. ‘केंद्र बांधा आणि खर्चाचे इतके टक्के घेऊन जा’ अशी एका खिडकीची योजना आपल्याकडे नाही. संरक्षण मंत्रालयाचा केंद्रीय सैनिक बोर्ड खडकी आणि मोहालीच्या पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांच्या) पुनर्वसन केंद्रांना अनुदान देतो, पण ते त्या ठरावीक संस्थांना. त्याचा दाखला देऊन नव्या ट्रस्टला हक्क सांगता येत नाही. राज्याकडे मागायचं तर प्रस्ताव जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांकडून सैनिक कल्याण विभागाच्या संचालकांकडे जातो (हे कार्यालय पुण्यातच, घोरपडीला युद्धस्मारकासमोर आहे) आणि तिथून मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागाकडे. खासदार आणि आमदार निधी टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून भिंती उभ्या राहतील, पगार निघणार नाहीत. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या अवलंबितांसाठीचा खर्च स्पष्ट लिहिलेला आहे, त्यामुळे सीएसआर मागताना ‘हे बसतं का’ हा वाद होत नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची ज्येष्ठांसाठीची योजना उलट चालवण्याच्या खर्चाला पैसे देते. तिच्यात स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी किमान २० जणांच्या सतत देखभालीच्या घराचा प्रकारही आहे. मात्र ती साठीपुढच्यांची योजना आहे. पाठीचा कणा मोडून अडतिसाव्या वर्षी घरी आलेला जवान तिच्यात बसत नाही, आणि फौजेतले लोक तर चाळिशीच्या आतबाहेरच निवृत्त होतात. वृद्धाश्रमाच्या शुल्कावरची जीएसटी माफीही अशीच साठीपुढच्यांना लागू आहे, आणि तीही दरमहा माणशी २५,००० रुपयांपर्यंत.

इमारतीचा पैसा जमतो. भूमिपूजन असतं, कोनशिला असते, तिच्यावर नावं असतात. सेवकांच्या पगारपत्रकावर कुणाचं नाव कोरत नाहीत, म्हणून तो हिशोब आधी करा.

समजा २४ पैकी १२ जण स्वतः कूस बदलू शकत नाहीत. बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून प्रत्येकाला दर दोन तासांनी वळवायचं, म्हणजे तासाला सहा जण. दोघांनी मिळून चादरीने उचलून वळवणं, पाठ-टाचा बघणं, ओलं असेल तर बदलणं, उशा लावणं याला घाईतही आठ मिनिटं लागतात. तासातली ४८ मिनिटं एक जोडी एवढंच करत असते. रात्री कुणाला उलटी झाली, कुणी पडलं, तर तिसरा माणूस हवा. सकाळी आंघोळी आणि जेवणं धरून चार, दुपारच्या पाळीला चार, रात्री तीन. दिवसाला ११ पाळ्या, आठवड्याला ७७. एक माणूस आठवड्याला सहा पाळ्या करतो. म्हणजे १३, आणि रजा-आजारपण धरून १४. पगार २०,००० धरला तर महिना २ लाख ८० हजार. त्यावर मालकाचा पीएफ-ईएसआयचा वाटा चढवला की सव्वातीन लाखांच्या आसपास, वर्षाला ३९ लाख. सात टक्के व्याज धरलं तर फक्त या सेवकांसाठी साडेपाच कोटींची ठेव लागते. नर्स, डॉक्टर, स्वयंपाकी, धोबी, डायपर, वीज हे सगळं त्याच्यावर.

ही ठेव उभी करताना एक बारीक गोष्ट सांभाळा. देणगीदाराने पत्रात ‘ही रक्कम कॉर्पससाठी’, म्हणजे कायम ठेवीसाठी, असं स्वतः लिहून दिलं पाहिजे. तसं नसेल तर ती त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते आणि उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च करण्याचा आयकराचा नियम मागे लागतो. संस्थेने पावतीवर आपणच शिक्का मारून चालत नाही.

आमचं मत विचाराल तर २४ ऐवजी १२ खाटांनी सुरुवात करा आणि जोत्याचा आराखडा मात्र २४ चा ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत असते. ती म्हणते, तिथे सरकार माजी सैनिकांच्या घरांना ६५ टक्के पैसे देतं. हे खरं आहे का? आपल्याकडे तसं का नाही? (आकुर्डी)

खरं आहे, पण पैसे ‘घरांना’ नाही, राज्यांना मिळतात. तिथलं माजी सैनिकांचं केंद्रीय खातं राज्य सरकारांना बांधकामाच्या किंवा नूतनीकरणाच्या खर्चाचा ६५ टक्क्यांपर्यंत वाटा देतं. उरलेले ३५ टक्के राज्याने घालायचे. हा कायदा १९६४ चा. खाजगी संस्थेला त्यातून थेट अनुदान नाही.

त्यातली बघण्यासारखी गोष्ट अटींमध्ये आहे. अर्ज एका प्राधान्ययादीत लागतात, आणि ज्या राज्याने आपल्या ३५ टक्क्यांची तरतूद करून दाखवली ते वरच्या गटात जातात. त्या गटातही रहिवाशांच्या जीविताला धोका असलेली कामं, म्हणजे आगीपासून संरक्षण वगैरे, नव्या खाटांच्या आधी. अनुदान घेतलं की किमान ७५ टक्के खाटांवर माजी सैनिकच हवेत. उरलेल्या जागी त्यांचे पती-पत्नी किंवा सेवेत मुलं गमावलेले आईवडील. वीस वर्षांच्या आत इमारत दुसऱ्याच कामाला लावली तर केंद्र पैसे परत वसूल करू शकतं. शिवाय बांधून झाल्यावर प्रत्येक रहिवाशामागे रोजचा ठरावीक दर वेगळा मिळतो. आपल्याकडे उणीव आहे ती या शेवटच्या भागाची.

‘का नाही’ याचं एक कारण रचनेत आहे. आपल्याकडे दीर्घकाळची शुश्रूषा कुटुंबाची मानली जाते आणि सरकारी पैसा पेन्शन, उपचार आणि व्यक्तीला मदत या तीन मार्गांनी जातो. पुण्यातच बघा : खडकीची क्वीन मेरीज तंत्रसंस्था १९१७ ची, वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. दोन्हींचा हेतू जखमी जवानाला कामाला आणि पायांवर उभं करून घरी पाठवणं. कायम राहण्याची सोय असलेलं खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ साली आलं, आणि ते कण्याला इजा झालेल्यांपुरतं आहे.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, निवृत्त सुभेदार. पक्षाघातानंतर अंथरुणातच आहेत. केअर सेंटरचा महिन्याचा खर्च ईसीएचएस देईल का? ध्वजदिन निधीतून काही मिळेल का? (हडपसर)

ईसीएचएस ही २००३ साली सुरू झालेली माजी सैनिकांच्या उपचारांची योजना आहे. तिच्या पॉलिक्लिनिकने (दवाखान्याने) पाठवलेल्या रुग्णालयातला उपचार, औषधं, तपासण्या त्यात येतात. फक्त राहणं, जेवण, आंघोळ घालणं याला उपचार धरत नाहीत. म्हणून केंद्राचं बिल एकत्र घेऊ नका. फिजिओथेरपी, औषधं, कॅथेटर यांच्या चिठ्ठ्या पॉलिक्लिनिकमधूनच घेतल्या तर तेवढा भार उतरतो.

ध्वजदिन निधीतलं गरजू अनुदान पेन्शन नसलेल्या, ६५ च्या पुढच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना, हवालदार हुद्द्यापर्यंत मिळतं. ते दरमहा ४,००० होतं, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झालं. वडिलांना पेन्शन आहे, म्हणून हे त्यांना नाही. सततच्या सोबतीचा भत्ताही सेवेमुळे आलेल्या १०० टक्के अपंगत्वालाच असतो. उतारवयातला पक्षाघात त्यात येत नाही.

मात्र एक गोष्ट आजच तपासा. ८० पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते (८५ ला ती ३० टक्के होते). ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरच्या नोंदीत जन्मतारीख चुकलेली असेल तर ती लागत नाही, आणि जुन्या पेन्शनरांच्या बाबतीत हे होतं. पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि डिस्चार्ज बुक शेजारी ठेवून तारीख जुळवा.

प्रश्न : मी वास्तुविशारद आहे. अशा केंद्राचा नकाशा करताना नेमकं काय चुकतं? (कर्वेनगर)

जोतं, म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीची उंची. पावसाळ्याच्या धास्तीने ते ६०० मिलिमीटर उचलतात आणि रॅम्पला जागा उरत नाही. १:१२ च्या उताराला ७.२ मीटर नुसती धाव लागते, वर दोन्ही टोकांना दीड मीटरची सपाट जागा. समोरच्या अंगणात हे मावत नाही, मग १:८ चा रॅम्प होतो आणि व्हीलचेअर ढकलणारा मामा दमून जातो. जोतं ३०० वर आणा आणि पाणी गटाराने काढा.

न्हाणीघरात चूक वेगळीच होते. आधाराच्या दांड्या नकाशात असतात, भिंत मात्र हलक्या एएसी ब्लॉकची चार इंची. ८० किलोचा माणूस त्या दांडीवर भार टाकून उठतो आणि काही महिन्यांत खिळे सैल होतात. एवढी भिंत भरीव काँक्रीट ब्लॉकची घ्या किंवा प्लास्टरआड पोलादी पट्टी टाका. कमोडच्या एका बाजूला ९०० मिलिमीटर मोकळे हवेत, खुर्ची लावून सरकण्यासाठी. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. दाराची मोकळी रुंदी ९०० म्हणजे चौकट वगळून. सुताराला ९०० सांगितलं की हातात ८२० येतात. खोलीत खुर्ची वळायला दीड मीटरचं वर्तुळ लागतं, आणि ते पलंग, कपाट, ऑक्सिजनचा सिलिंडर सगळं ठेवल्यावर मोजायचं.

शक्य असेल तर एकच मजला करा. आग लागली तर न चालणाऱ्यांना जिन्याने उतरवता येत नाही. दोन मजले करावेच लागले तर प्रत्येक मजल्याचे आगरोधक भिंतीने दोन भाग पाडा, म्हणजे पलंग शेजारच्या भागात ढकलता येतील. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचा ‘नमुना ब’ (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. त्याचा खर्च चालवण्याच्या खर्चात धरा. लोहगाव विमानतळ किंवा लष्करी हद्दीजवळचा भूखंड असेल तर उंचीची आणि ना-हरकतीची चौकशी नकाशा काढण्याआधी करा.

प्रश्न : आमच्या संस्थेला अनुदानाचा पहिला हप्ता मिळाला, काम झालं, पण दुसरा दोन वर्षं अडकलाय. उपयोगिता प्रमाणपत्रावर आक्षेप आहे. (भोसरी)

उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला. त्यावरचा आक्षेप बहुधा तीनपैकी एक असतो. पहिला : अनुदान संस्थेच्या नेहमीच्या खात्यात ठेवलं. केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार अनुदानावरचं व्याज सरकारचं, ते दाखवून परत भरावं लागतं. पैसे मिसळले की व्याज वेगळं काढता येत नाही. सनदी लेखापालांकडून रोजच्या शिलकीवर व्याज काढून घ्या, भरा आणि चलन जोडा.

दुसरा : मंजूर अंदाजपत्रक आणि बिलं जुळत नाहीत. अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवर मंजूर होतं. रुग्णाला उचलण्याचा पाळणा किंवा नर्सला बोलावण्याची घंटा अशा गोष्टी त्या सूचीत मिळत नाहीत, म्हणून त्या ‘इतर’मध्ये ढकलल्या जातात आणि लेखापरीक्षक तिथेच बोट ठेवतो. अशा बाबींचं दर विश्लेषण आणि तीन दरपत्रकं लावून सुधारित तांत्रिक मान्यता घ्या. काम झाल्यावर हे जड जातं, पण अशक्य नाही.

तिसरा फक्त मुदतीचा. केंद्राचं अनुदान असेल तर आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत ‘१२-ए’ नमुन्यात प्रमाणपत्र द्यायचं असतं. उशीर झाला असेल तर कारणाचं पत्र आणि मालमत्ता नोंदवहीची प्रत सोबत द्या. त्या वहीत पलंग, गाद्या, जनित्र प्रत्येकाचा क्रमांक हवा, आणि तोच क्रमांक वस्तूवर रंगवलेला हवा. तपासणीला येणारा माणूस आधी पलंगाखाली वाकून तो बघतो.