कॉजवे उंच केला की झालं?

प्रश्न : आमचं बेट म्हणजे किनाऱ्याला समांतर पसरलेला वाळूचा लांबट पट्टा. मुख्य भूमीशी जोडणारा कॉजवे एकच. मधे तीन छोटे पूल, बाकी भराव. मोठ्या उधाणाला रस्त्यावर पाणी येतं. भराव दीड मीटर उंच करा, एवढीच आमची मागणी आहे. अभियंते मात्र लांब पुलाचाच हट्ट धरून बसलेत. का?

उत्तर : मागणी चूक नाही, अर्धवट आहे. नोकरीच्या सुरुवातीला मीही हाच उद्योग करून बसलोय. खाडीतला एक भराव आम्ही उंच केला, लाटा येतात त्या बाजूला झकास दगडी पिचिंग केलं, म्हणजे उतारावर दगड बसवले, आणि भरावाखालून पाणी जायच्या मोऱ्या होत्या तेवढ्याच ठेवल्या. पुढच्या वादळात पाणी तुंबलं, रस्त्यावरून पलीकडे कोसळलं आणि तिकडचा उतार खरवडत डांबराखाली शिरलं. सकाळी पाहतो तर आमचं पिचिंग जसंच्या तसं, पाठीमागचा रस्ता गायब! भराव उंच करून मोऱ्या वाढवल्या नाहीत, तर तो रस्ता राहत नाही, धरण होतं. आणि धरणाला असतो तसा सांडवा त्याला नसतो.

फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटाचा कॉजवे १९६३चा. त्यावरचे पूल २००७मध्ये नव्यानं बांधले होते. २८ सप्टेंबर २०२२ला इयन चक्रीवादळ आलं. पुलांचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले भाग, उभे राहिले, पण मधला भराव आणि पुलांना जोडणारे रस्ते ठिकठिकाणी वाहून गेले. १९ ऑक्टोबरला तात्पुरत्या डागडुजीवर वाहतूक सुरू झाली, हे कौतुकाचंच. पण दुखणं कुठे आहे, ते त्यात दिसलं : पूल संपतो आणि भराव सुरू होतो तिथे. तुमच्या कॉजवेवर त्या जागी हातोडा ठोकून बघा. आवाज ठक्क आला तर ठीक. बद्द आला, तर स्लॅबखालची वाळू निघून गेलीय, वर डांबर कितीही गुळगुळीत असो.

म्हणून तुमच्या मागणीत दोन गोष्टी घाला : जास्त गाळे, आणि उरलेल्या भरावाला दोन्ही अंगांनी संरक्षण, शीट पाइलचं (जमिनीत ठोकलेल्या पत्र्यांच्या भिंतीचं) किंवा दगडाचं.

पुलाची उंचीही भरतीची रेषा बघून ठरवू नका. लाट गर्डरांना, म्हणजे स्लॅब पेलणाऱ्या तुळयांना, खालून भिडते तेव्हा गर्डरांमधल्या पोकळीत हवा अडकते आणि स्लॅब तरंगायला लागतो. २००४च्या आयव्हन वादळात पेन्साकोलाजवळ एस्कांबिया उपसागरावरच्या महामार्गाचे गाळे असेच उचलले जाऊन पडले. त्यानंतर २००८मध्ये अमेरिकेत मार्गदर्शक नियम आले. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळाची लाट धरा आणि तिच्या माथ्याच्याही वर किमान एक फूट मोकळा ठेवा, असं ते सांगतात. ते जमत नसेल, तर गाळे खांबांना बांधून ठेवा. नुसते बेअरिंगवर (खांबाच्या माथ्यावरच्या टेकूंवर) टेकवून ठेवलेत, तर ते स्वतःच्या वजनाच्या भरवशावर बसलेले असतात.

आणखी एक. वाळूची बेटं सरकतात, त्यांच्यामधली मुखं, म्हणजे समुद्राचं पाणी आत-बाहेर करायच्या वाटा, तीही सरकतात. नॉर्थ कॅरोलायनातलं ऑरेगन इनलेट १८४६च्या वादळात उघडलं आणि तेव्हापासून दक्षिणेकडे चाललंय. त्यावरचा १९६३चा बॉनर पूल खांबांभोवतीची वाळू धुपून आयुष्यभर दुखणाईतच राहिला. २०१९मध्ये त्याच्या जागी नवा आला. त्यात उंच गाळे पुष्कळ ठेवलेत, जहाजांची वाट बदलली तरी पुलाखालून रस्ता मिळावा म्हणून. तुमच्या अभियंत्यांना आधी तळाच्या मोजणीचे जुने नकाशे मागा. एकच नकाशा दाखवला, तर उठू नका, दुसरा मागा.

प्रश्न : खाऱ्या पाण्यात गंजू नयेत म्हणून पुलाच्या काँक्रीटमध्ये स्टेनलेस स्टीलच्या सळ्या घालायच्या म्हणतात, तो खर्च पटत नाही. काँक्रीटचं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा थर, वाढवून भागणार नाही का?

उत्तर : काही वर्षं भागेल. मेक्सिकोत प्रोग्रेसोचा धक्का १९३७ ते १९४१ दरम्यान स्टेनलेस सळ्या घालून बांधला, तो अजून वापरात आहे. शेजारीच नंतर साध्या सळ्यांनी बांधलेल्या धक्क्याचे अवशेष उरलेत. सगळीकडे नकोच, खांब जिथे दिवसातून भिजतो आणि वाळतो, त्या पट्ट्यात तरी घाला.