संकलनपट की कात्रणपट?

अमेरिकेचा इतिहास जुन्या फिल्मच्या तुकड्यांतून सांगणाऱ्या ‘कॉम्पिलेशन डॉक्युमेंटरी’ला मराठीत ‘संकलित माहितीपट’ म्हणावे का, असा प्रश्न आहे.

मी म्हणणार नाही. लोकगीतांचे संकलन म्हणताना गोळा करणे हाच अर्थ असतो, पण सिनेमावाल्यांनी हा शब्द केव्हाच एडिटिंगला देऊन टाकलाय. श्रेयनामावलीत ‘संकलन : अमुक तमुक’ वाचतो ते तेच. मग संकलित नसलेला माहितीपट दाखवा बरं एखादा!

या प्रकाराची खरी खूण अशी की त्यातला सगळा माल दुसऱ्या कुणी तरी, भलत्याच हेतूने चित्रित केलेला असतो. १९८२चा ‘द अ‍ॅटॉमिक कॅफे’ घ्या. अणुबाँबच्या सुरुवातीच्या वर्षांतले अमेरिकी प्रचारपट, लष्कराचे प्रशिक्षणपट, वार्तापट यांचे तुकडे जोडून तो केलाय. निवेदक नाही. बर्ट नावाचे कार्टूनमधले कासव शाळकरी मुलांना शिकवते : झोत दिसला की वाका आणि अंग झाका. मूळ फिल्म पूर्ण गांभीर्याने केलेली. पण शेजारी खऱ्या स्फोटाची दृश्ये आली की आधी हसू येते आणि मग पोटात गोळा.

म्हणून मला ‘कात्रणपट’ आवडतो. वर्तमानपत्रांच्या कात्रणांची वही ज्याने केली असेल त्याला हे सांगायला नको : बातमीतला शब्दही बदलायचा नाही, पण कशाशेजारी काय चिकटवले यावरून वही बोलते.

‘कात्रण’ ऐकून शिंप्याकडच्या चिंध्या आठवतात, हा आक्षेप येईल. येऊ द्या. ‘पट’ म्हणजे मुळात कापडच, तेव्हा चिंध्यांचा पट म्हणजे गोधडी, आणि गोधडीत कमीपणा कसला?

एका ठिकाणी मात्र शब्द तोकडा पडतो. १९६४चा ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ हा सरकारी खात्यांत कम्युनिस्ट शोधण्याच्या मोहिमेने गाजलेले अमेरिकी सिनेटर मॅकार्थी आणि तिथले लष्कर यांच्यातल्या वादाच्या १९५४च्या सुनावणीवर आहे. टीव्हीवरून दाखवलेल्या त्या सुनावणीचे १८८ तासांचे चित्रण दीड तासाच्या आसपास आणलेय. उगम एकच असल्याने ही चिकटवही नव्हे. एकाच ग्रंथातून काढावेत तसे हे वेचे आहेत. तिथे मी ‘सुनावणीच्या चित्रणातून रचलेला माहितीपट’ असे लांबलचकच लिहीन.