तिन्हीसांजेचं रडणं

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

काल रात्री अडीचला फोन केलास आणि आधी झोपमोड झाली म्हणून माफी मागितलीस. माझ्याकडे माफी कसली मागतोस! तुझ्या आवाजामागे लेकीचं रडणं ऐकू येत होतं. "मावशी, काय चुकतंय आमचं?" असं तू दोनदा विचारलंस. फोनवर घाईघाईत सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. नवजात बाळांच्या वॉर्डात माझ्या बत्तीस वर्षांच्या रात्रपाळ्या झाल्या, त्यांतलं जे तुझ्या उपयोगाचं आहे तेवढंच.

तुमचं काही चुकत नाहीये. दुसऱ्या आठवड्यापासून बाळाचं रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. तुझी लेक सव्वीस दिवसांची आहे, म्हणजे अजून थोडं वाढेल. आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या आठवड्यात घाबरशील. दूध नीट पिणारं, वजन वाढणारं बाळ दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यात 3 दिवसांहून जास्त आणि असं 3 आठवड्यांहून जास्त रडलं, तर त्याला कोलिक म्हणायचं, हे मोजमाप मॉरिस वेसेल या अमेरिकी बालरोगतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 साली मांडलं. हे रडणं बहुतेक संध्याकाळीच का होतं, ते आजही कुणी नेमकं सांगू शकत नाही. आपल्या आज्या त्याला तिन्हीसांजेचं रडणं म्हणायच्या आणि मीठ-मोहरीने दृष्ट काढायच्या. तुझ्या आईला काढायची असेल तर खुशाल काढू दे, तिच्या जिवाला बरं वाटेल. पण मिरच्या जाळणं, ओव्याची धुरी, शेगडी हे मात्र नको. वन रूम किचनमध्ये धूर जाणार कुठे? तो लेकीच्याच छातीत जातो.

रडायला लागली की आधी तिच्याकडे नीट बघ. तोंड वळवून काही शोधतेय का, मूठ चोखतेय का? मग भूक आहे, अर्ध्या तासापूर्वी पाजलं असलं तरी. या वयाची बाळं दिवसाला आठ ते बारा वेळा पितात. दूध पुरत नाही असं शेजारपाजारचे म्हणतील, तिकडे लक्ष देऊ नका. दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. पाजून झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. मग मानेमागे हात लाव. मुंबईच्या या दमट हवेत टोपरं, मोजे, वर स्वेटर घातलेली बाळं मी कितीतरी पाहिली आहेत. मान घामेजली असेल तर एक-दोन कपडे कमी कर आणि पंखा लाव, पंख्याने तिला काही होत नाही.

आणि मोजे काढून पायाची बोटं बघ. हे मी मुद्दाम सांगते. एकदा एक बाळ दोन तास रडत होतं. दूध घेईना, मांडीवर राहीना. सगळे पोटदुखी म्हणत होते. मी मोजा काढला तर मधलं बोट जांभळं पडून सुजलेलं. उजेडात धरल्यावर दिसलं, आईचा एक लांब केस बोटाभोवती तीन वेढे घालून रुतला होता. डॉक्टरांनी तो कापला आणि बाळ त्यांच्या हातातच झोपलं. तेव्हापासून प्रत्येक रडणाऱ्या बाळाची वीसही बोटं मी बघते.

हे सगळं पाहून झालं, तरी रडतेच आहे? मग एक उपाय धर आणि तो पुरेसा वेळ कर. घरोघरी मी एकच गोष्ट पाहते: दोन मिनिटं जोजवलं, मग खुळखुळा, मग पाळणा, मग मावशीकडून काकूकडे, काकूकडून आजीकडे. बाळ बावरून आणखी रडतं. जपानमधल्या संशोधकांनी 2022 साली दाखवलं, की रडणाऱ्या बाळाला उचलून घेऊन पाच मिनिटं संथ, न थांबता चालायचं. ते झोपलं तरी लगेच खाली ठेवायचं नाही, मांडीवर घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटं बसायचं. खाली ठेवल्याबरोबर जाग येते ती ही पाच मिनिटं गाळल्यामुळे. तुमच्या मजल्यावरचा पॅसेज चांगला लांब आहे, तिथे फेऱ्या घाल. शर्ट काढून तिला उघड्या छातीशी धर, वरून मऊ जुन्या सुती साडीचं दुपटं घे आणि कानाशी हळू "शू… शू…" करत राहा. बापाची छातीही आईइतकीच उबदार असते. तेवढ्या वेळात तुझी बायको झोपेल, आणि तिला आत्ता सगळ्यात जास्त गरज झोपेचीच आहे. लेक झोपली की तिला पाठीवर, सपाट गादीवर, उशीशिवाय ठेव.

ग्राइप वॉटर, घुटी, मध, पाणी काही नको. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि मध तर वर्षभर नाहीच, त्यातल्या जंतूंनी तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता जे लिहिते ते दोघांनी वाचा. माझी मुलगी पाच आठवड्यांची असताना एका रात्री मी एकटीच होते. वॉर्डात शंभर बाळं शांत केलेली मी, पण स्वतःची एक होत नव्हती. तिचे दंड धरलेले माझे हात घट्ट होत चालले, हे मला दिसलं. मी तिला पाळण्यात पाठीवर ठेवलं, दार लोटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. खालून दुधाची गाडी गेली. दहा मिनिटांनी आत गेले तेव्हाही ती रडतच होती, पण माझे हात सैल झाले होते. तुझे हात असे होतील तेव्हा तूही तेच कर. रडून बाळाला इजा होत नाही. गदागदा हलवलं तर मान सावरत नाही आणि मेंदूत रक्तस्राव होतो. पाहुण्यांनी उचलली तरी तुझं तिकडे लक्ष असू दे.

ताप 100.4 किंवा त्याहून जास्त, दूध सोडणं, अंग गळून पडणं, हिरवी उलटी, शी मध्ये रक्त, फुगलेली टाळू, किंवा रडण्याचा सूरच वेगळा, किंचाळल्यासारखा लागणं, यांपैकी एक जरी दिसलं तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.

शनिवारी चार वाजता मी भांडुपला येते. चहापाण्याचं काही करू नका. दार उघडून दे, लेक माझ्याकडे दे आणि दोघं झोपा. दुधाच्या वेळेला मी उठवीन.

तुझी,
मावशी