छिंग राजघराण्याच्या काळात चीनची जकात ब्रिटिश अधिकारी का गोळा करत होते?

कारण १८५३ मध्ये बंडखोरांनी शांघाय शहर घेतलं, तिथली जकात वसुली ठप्प झाली आणि परकीय वकिलातींनी ती आपल्या देखरेखीखाली आणली. १८५४ पासून ब्रिटिश, फ्रेंच आणि अमेरिकन निरीक्षक नेमले गेले. पुढे हीच पद्धत बाकीच्या बंदरांत गेली आणि १८६३ पासून या जकात खात्याचा प्रमुख होता ब्रिटिश अधिकारी रॉबर्ट हार्ट. जकातीचा दर ठरवणंही दरबाराच्या हातात उरलं नव्हतं. ब्रिटनशी झालेल्या अफू युद्धानंतरच्या तहांनी तो साधारण ५ टक्क्यांवर बांधून टाकला होता. खरा फास मात्र नंतर बसला. १८९५ मध्ये जपानकडून हरल्यावर २० कोटी टेल (चिनी वजनाचं माप) चांदीची खंडणी, आणि १९०१ मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावापायी आणखी ४५ कोटी, तीही व्याजासकट ३९ वर्षांच्या हप्त्यांनी. खंडणी फेडायला काढलेल्या कर्जांना तारण काय, तर हीच जकात! तरी याला निव्वळ लूट म्हणणं मला पटत नाही: हार्ट चीन सरकारचाच नोकर होता आणि त्याच्या खात्यामुळे दरबाराला, निदान १८९५ पर्यंत, भरवशाचा पैसा मिळत होता.